धोका मोजण्याचा बाजार आणि धोका टाळण्याचे कर्तव्य

हृदयविकाराची चाहूल झटका येण्याआधीच देणारे तंत्र आता उपलब्ध आहे, असे मोठ्या शहरांतील खाजगी रुग्णालये आपणांस सांगत असतात. हृदयाच्या रक्तवाहिन्यांत साचलेले कॅल्शियम सी.टी. स्कॅनच्या साहाय्याने मोजावयाचे आणि माणसाच्या हाती एक आकडा द्यावयाचा, ही पद्धत आर्थर ॲगॅटस्टन या अमेरिकन हृदयतज्ज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी १९९० साली मांडली. शून्य आल्यास नजीकच्या काळातील धोका कमी, शंभराच्या पुढे औषधाचा विचार, चारशेच्या पुढे धोका गंभीर. या शास्त्राशी आमचे भांडण नाही. भांडण आहे ते 'संपूर्ण हृदय तपासणी'च्या नावाने त्याचे जे दुकान मांडले गेले आहे त्याच्याशी.

माहितीचे मोल तिच्यामुळे बदलणाऱ्या निर्णयाइतकेच असते, हा अर्थशास्त्रातील साधा सिद्धांत. पन्नाशीच्या ज्या माणसाला तंबाखूचे व्यसन आहे, ज्याचा रक्तदाब चढलेला आहे आणि ज्याला मधुमेहही आहे, त्याने काय करावे हे ठरविण्यास यंत्राची गरज काय? ५२ देशांतील रुग्णांचा अभ्यास करून २००४ साली प्रसिद्ध झालेल्या 'इंटरहार्ट' संशोधनाने दाखवून दिले की, पहिल्या झटक्याचा सुमारे नव्वद टक्के धोका नऊ परिचित कारणांत सामावतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दिलेला एक तक्ता तर वय, लिंग, धूम्रपान, रक्तदाब आणि उंची-वजन एवढ्यावरच दहा वर्षांचा धोका सांगतो. त्याला रक्ततपासणीही लागत नाही. घनसावंगी वा मंठा तालुक्यातील उपकेंद्राची परिचारिका तो सहज वापरू शकेल.

शिवाय, दक्षिण आशियातील माणसाला पहिला झटका इतरांपेक्षा लवकर येतो, हेही त्याच संशोधनात आढळले. कॅल्शियम मात्र रक्तवाहिनीत उशिरा साचते; त्याआधीचा मऊ थर या मोजणीत दिसत नाही. म्हणजे चाळिशीच्या तंबाखूबाज तरुणाला मिळालेले शून्य हे पुष्कळदा खोटे आश्वासन ठरावयाचे!

डेन्मार्कमध्ये ६५ ते ७४ वयाच्या सुमारे ४६ हजार पुरुषांपैकी काहींना अशा छायाचित्रासह व्यापक तपासणीसाठी बोलाविण्यात आले. पाच वर्षांहून अधिक काळानंतरचे निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. बोलाविलेल्यांतील मृत्यू किंचित कमी भरले; पण तो फरक संख्याशास्त्राच्या कसोटीस उतरला नाही. आणि हे कोठे? जेथे तपासणीनंतरचा उपचार प्रत्येकाला सरकारी व्यवस्थेतून मिळतो तेथे!

आता जालन्याकडे पाहू. अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या तालुक्यांतील हजारो जोडपी मुकादमाची उचल घेऊन दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. रक्तदाबाची गोळी रोज घ्यावी लागते. पण तिचा कागद गावच्या आरोग्य केंद्रात आणि माणूस फडावर! कोयता थांबला की मजुरी थांबते. मग गोळीसाठी कोण थांबणार? शासनाने १५ ऑगस्ट २०२३ पासून आपल्या रुग्णालयांतील उपचार निःशुल्क केले, हे चांगलेच झाले. परंतु निःशुल्क म्हणजे हाताशी नव्हे. महात्मा फुले जन आरोग्य योजना अँजिओप्लास्टीचा खर्च उचलते. ती वेळ येऊ न देणारी रोजची गोळी तिच्या कक्षेबाहेरच राहते. रोग पिकू द्यावयाचा आणि मग त्याची किंमत सरकारी तिजोरीतून मोजावयाची, हे कोणते नियोजन?

यावर कोणी विचारील, 'श्रीमंताला नवे यंत्र आणि गरिबाला रक्तदाबाचा पट्टा, हाच काय तुमचा समाजवाद?' प्रश्न रास्त आहे. छातीत दुखणाऱ्या रुग्णांना सी.टी. छायाचित्राचा लाभ होतो, हे स्कॉटलंडमधील २०१८ च्या अभ्यासाने दाखविले. पाच वर्षांत हृदयविकाराने मृत्यू वा झटका येण्याचे प्रमाण ३.९ टक्क्यांवरून २.३ टक्क्यांवर आले. परंतु ते आले छायाचित्रानंतर योग्य औषधे सुरू झाल्यामुळे. म्हणून यंत्र हवेच. ते २०२४ साली सुरू झालेल्या जालन्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णांना हवे, गरजेनुसार आणि विनामूल्य. ते डॉक्टरच्या चिठ्ठीवर चालावे, जाहिरातीवर नव्हे.

त्याआधी मात्र तीन गोष्टी झाल्या पाहिजेत. तिशीपुढील प्रत्येक स्त्रीपुरुषाचा रक्तदाब वर्षातून एकदा गावातच मोजला जावा. ऊसतोडीला निघणाऱ्या रुग्णाला तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळाव्यात आणि त्याचे उपचारपत्र राज्यातील कोणत्याही आरोग्य केंद्रात चालावे. फडावरील तपासणीची व औषधाची जबाबदारी साखर कारखान्यांवर कायद्याने टाकावी. जिल्ह्यातील लोकप्रतिनिधींनी याचे उत्तर पुढील गळीत हंगामापूर्वी द्यावे. श्रमिकाच्या हृदयाला कोणता धोका आहे हे सर्वांना ठाऊक आहे. तो दूर करण्याचा खर्च कोणी करावयाचा, एवढाच प्रश्न शिल्लक आहे.