हाड सांधल्यानंतर

मांडीचे हाड मोडलेल्या माणसाच्या पायात शस्त्रवैद्य सळई बसवितात, यथावकाश टाके काढले जातात, आणि ‘प्रकृती स्थिर’ असा शेरा मारलेला कागद हाती देऊन त्याची घरी रवानगी होते. त्या दिवशी दप्तरी त्याचा उपचार संपलेला असतो, वस्तुतः मात्र तो तेथूनच सुरू व्हावयाचा असतो. दुचाकीच्या अपघातात माझी उजवी मांडी मोडली, त्यानंतरच्या पाच महिन्यांत मला एक गोष्ट पुरती उमगली, ती ही की हाड सांधणे हे निसर्गाचे आणि शस्त्रवैद्याचे कार्य असले, तरी चालणे रुग्णाला नव्याने शिकावे लागते, आणि ते शिकविण्याचे दायित्व आपल्या व्यवस्थेत कोणीच निश्चितपणे उचललेले नाही.

1939 साली जर्मनीतील कील येथे गेरहार्ट क्युन्चर यांनी हाडाच्या पोकळीत सळई बसविण्याची शस्त्रक्रिया केली. ती रीत रूढ होण्यापूर्वी असा रुग्ण पायाला वजने लटकवून कित्येक आठवडे पाठीवर निजून राही. सळईमुळे त्याला लवकर उठण्याची मुभा मिळाली खरी. परंतु हाड पक्के होण्यास सामान्यतः तीन ते सहा महिने लागतात, आणि त्या अवधीत मांडीचे स्नायू इतके झिजतात की आपलाच पाय आपल्याला परका वाटू लागतो. आधी पाय जमिनीला नुसता टेकवावयाचा, मग थोडा भार द्यावयाचा, मग पूर्ण. गुडघा दररोज थोडा अधिक वाकवावयाचा. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावयाची. जिना चढताना चांगला पाय आधी टाकावयाचा आणि उतरताना दुखरा, हे सर्व ऐकावयास सोपे आहे, परंतु कोणी जाणत्याने शेजारी उभे राहून करवून घेतल्यावाचून ते अंगवळणी पडत नाही. मला ते एका तरुण फिजिओथेरपिस्ट मुलीने शिकविले. “काका, वेदना आणि धोका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत,” असे ती म्हणे, आणि हा भेद कळला त्या दिवसापासून माझे भय ओसरू लागले.

या मार्गात दुसरा अडथळा येतो तो मायेचा. “अहो, तुम्ही उठू नका, मी आणते,” हे वाक्य माझ्या घरात दिवसातून वीस वेळा उच्चारले जाई, आणि त्यामागील प्रेमाविषयी तिळमात्र शंका नसतानाही मी त्यायोगे अधिकाधिक पंगू होत होतो. पाण्याचा तांब्या स्वतः भरून घेणे, कोणाला हाक न मारता शौचास जाऊन येणे, या गोष्टी निरोग्याला क्षुद्र वाटतात. परावलंबी झालेल्या माणसाच्या लेखी मात्र त्याची सारी अब्रू त्यांतच साठविलेली असते. म्हणून त्याचे काम आपण करून टाकण्यापेक्षा, त्याला ते करता येईल अशी तजवीज करणे, म्हणजे न्हाणीघरात दांडी बसविणे, कमोडची खुर्ची आणणे, वॉकर हाताशी ठेवणे आणि मग धीराने वाट पाहणे, हीच खरी शुश्रूषा होय.

परंतु घरात जे साधते ते दाराबाहेर खुंटते. जखमी सैनिकाला पुन्हा आपल्या पायांवर उभे करणे हे सरकारचे काम आहे, हे तत्त्व लष्कराने फार पूर्वी मान्य केले. 1917 साली अपंग जवानांच्या शिक्षणासाठी क्वीन मेरी संस्था निघाली आणि 1944 साली पुण्यास कृत्रिम अवयव केंद्र उभे राहिले. जी जाणीव सैनिकाविषयी दाखविली गेली, ती शेतमजुराच्या वा हमालाच्या वाट्यास अद्याप आलेली नाही. प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत रुग्णालयातून सुटल्यानंतरच्या 15 दिवसांचा खर्च धरला जातो, आणि हाडाला तर महिने लागतात. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा दीर्घकालीन व्यंगाचा विचार करतो, त्यामुळे सहा महिन्यांपुरता लंगडा झालेला मनुष्य ना रुग्ण ठरतो ना दिव्यांग, आणि एस.टी.च्या उंच पायरीपाशी तो कोणत्याही दाखल्याविना एकटा उभा राहतो. पोट हातावर असलेला माणूस अशा वेळी व्यायाम सोडतो, गुडघा आखडतो, आणि ज्याचे हाड उत्तम सांधले तो जन्मभर खुरडत चालतो.

यावरील उपाय अवाढव्य खर्चाचे नाहीत. प्रत्येक तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात फिजिओथेरपिस्टची जागा असावी आणि ती भरलेली असावी. व्यायामाचे महिने हे उपचाराचेच महिने मानून त्यांची तरतूद योजनेत व्हावी. आणि अनेक गावांतील सेवाभावी मंडळी अनामत घेऊन वॉकर, कुबड्या वापरावयास देतात, तसा साठा नगरपालिकांच्या दवाखान्यांनीही ठेवावा.

अठराव्या आठवड्यात मी कठडा धरून, दुखरा पाय आधी टाकीत, आमच्या घराचा जिना उतरलो आणि कोपऱ्यावरून दूध घेऊन आलो. त्या दिवशी मला रुग्णालयाच्या कागदावरील तो ‘स्थिर’ शब्द आठवला. पाय मोडलेल्या माणसाला स्थैर्य नको असते, त्याला गती हवी असते. आणि ती त्याला परत मिळेपर्यंत त्याचे प्रकरण कोणत्याही दप्तरात निकाली निघता कामा नये.