कालवं नुसती परतू नका, शिजवा

ओहोटीला खडकावरून कालवं काढणे हे चेंगट काम. दगडाला घट्ट बसलेला शिंपला टोकदार लोखंडाने फोडायचा, आतला मऊ गोळा अलगद सोडवायचा आणि भरती चढायच्या आत बाहेर पडायचे. कोकणच्या बाजारात ती बहुधा अशी सोललेलीच येतात, वाट्यावर विकली जातात. घेणाऱ्याची सोय होते, पण एक महत्त्वाची तपासणी हातची जाते.

कवचासकट घेतले तर कालव जिवंत आहे की नाही ते कळते. किंचित उघडलेल्या शिंपल्याला टिचकी मारली की तो मिटतो. मेलेला मिटत नाही, तो टाकून द्यायचा. सोललेल्या कालवाला ही परीक्षा लागू नाही. ते आजचे की कालचे, कोणत्या खाडीतले, हे विकणारीच्या शब्दावर. म्हणजे सारी भिस्त घरच्या शिजवण्यावर आली. आणि घाई होते ती तिथेच. जास्त शिजले की कालव वातड होते, म्हणून मिनिटभर परतून उतरवणारे अनेक आहेत. चवीच्या दृष्टीने ते ठीक असेलही, पण पोटाच्या दृष्टीने नाही.

कालव पाणी गाळून जगते. तासाला काही लिटर पाणी त्याच्या अंगातून जाते आणि पाण्यातले जंतू आत साठत राहतात. सांडपाण्यातून हिपॅटायटिस ए आणि नोरोव्हायरस येतात. व्हिब्रिओ गटातले जंतू मात्र कोमट, मचूळ पाण्यात मुळातच असतात, त्यासाठी गटार लागत नाही. अशा कालवाला वेगळा वास येत नाही, रंगही बदलत नाही. व्हिब्रिओ व्हल्निफिकस या जंतूने धडधाकट माणसाला बहुधा जुलाब-उलट्यांवर निभावते. यकृताचा आजार, मधुमेह किंवा कमी झालेली प्रतिकारशक्ती असेल तर तो रक्तात शिरू शकतो. या जंतूच्या संसर्गात साधारण पाचातला एक रुग्ण दगावतो, कधी कधी एक-दोन दिवसांतच.

लिंबू, कोकम, तिखट यांनी हे जंतू मरत नाहीत. सोबतच्या पेगनेही नाही. उलट यकृत आधीच थकलेल्या माणसाने हॉटेलात बर्फावर मांडलेली कच्ची कालवं खाणे हा शुद्ध अविचार आहे.

सोललेली कालवं खळखळ उकळत्या रश्शात किमान ३ मिनिटे तरी ठेवावीत. ५ ठेवली तर आमटीचे काही बिघडत नाही. वेळ मोजायची ती कालवं घातल्यावर पुन्हा उकळी फुटल्यापासून. कवचासकट उकडत असाल तर शिंपले उघडल्यानंतर आणखी ३ ते ५ मिनिटे. जे उघडलेच नाहीत ते फेकावेत. रव्यात घोळवून तळायची तर भरपूर कडकडीत तेलात, ३ मिनिटे. तव्यावर चमचाभर तेलात वरून लाल झालेले कालव आतून कच्चे असू शकते.

शिजवण्यालाही मर्यादा आहे. काही सागरी शेवाळांचे विष आणि कारखान्यांच्या पाण्यातले जड धातू उकळून जात नाहीत. त्यामुळे कालवं कुठली, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. नाल्याच्या तोंडाजवळची फुकट मिळाली तरी नकोत. चांगल्या पाण्यातली मात्र जरूर खावीत. जस्त आणि बी-१२ इतके देणारे अन्न थोडेच आहे.

घरी फोडताना शिंपला तळहातावर धरू नये. जाड फडक्यात गुंडाळून पाटावर दाबून धरावा, सुरीचे टोक बिजागरीत घालून पिळावे. हात कापला तर लगेच साबणाने धुवावा, कारण हाच जंतू जखमेतूनही शिरतो. मधुमेही माणसाने हे काम घरातल्या दुसऱ्या कुणावर सोपवलेले बरे. त्यानंतर दोन दिवसांत थंडी वाजून ताप आला, जखमेभोवती लाली पसरू लागली किंवा अंगावर पाण्याचे वा रक्ताचे फोड उठले, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयात जावे. कालवं खाल्ली होती किंवा फोडताना हात कापला होता, हे तिथल्या डॉक्टरने विचारले नाही तरी आपणहून सांगावे. योग्य प्रतिजैविक त्याच रात्री सुरू होणे बऱ्याचदा या एका वाक्यावर ठरते.