श्रावणाच्या खांद्याचे काय?

हिंगण्याच्या तहसील कार्यालयात निराधार योजनांच्या कामासाठी येणाऱ्या वृद्धांपैकी क्वचितच कोणी एकटा येतो. कोणाच्या दंडाला मुलाने धरलेले असते, कोणाला सून ऑटोतून उतरवून घेत असते. त्यांतील अनेकजण 'श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजने'चे लाभार्थी. पासष्टी गाठलेल्या निराधाराला दरमहा १,५०० रुपये देणारी ही योजना चांगलीच आहे. परंतु तिच्या नावाकडे एकदा नीट पाहावे. कथेतला श्रावण म्हणजे आंधळ्या मातापित्यांना कावडीत बसवून नेणारा पुत्र. शासनाने नाव त्याचे घेतले, पैसे मातापित्यांना दिले (तेही योग्यच), आणि ज्याच्या खांद्यावर कावड आहे, त्याच्यासाठी अर्जात एक रकानाही ठेवला नाही. हयातीचा दाखला वृद्धाचा लागतो. त्याला धरून उभ्या असलेल्या सुनेच्या हयातीशी कोणाला काय देणेघेणे?

हिंगण्याच्या एमआयडीसीत पाळीने राबणाऱ्या एखाद्या कामगाराच्या वडिलांना अर्धांगवायू झाला, असे समजा. उपचारांची सोय आता पूर्वीपेक्षा पुष्कळ बरी आहे. सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला २०२४ पासून आयुष्मान भारतमध्ये पाच लाखांपर्यंतचे संरक्षण मिळाले, हे मोठेच काम झाले. पण ते रुग्णालयातील उपचारांपुरते. रुग्ण घरी आला की कूस बदलणे, अंग पुसणे, नळीने भरवणे, रात्री चारदा उठणे हे सारे सुरू होते आणि कित्येकदा वर्षानुवर्षे चालते. कामगार विमा योजनेत आजारपणाचा भत्ता आहे, वर्षात ९१ दिवसांपर्यंत, वेतनाच्या ७० टक्के. मात्र कामगार स्वतः आजारी पडला तरच. बाप आजारी असेल तर बिनपगारी रजा. मग दोघांपैकी जिचा पगार कमी, ती नोकरी सोडते. ती कोण असते, हे कोणत्याही वाचकाला सांगावे लागू नये. केंद्राच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणाप्रमाणे १५ ते ५९ वयोगटातील ४१ टक्के स्त्रिया घरातील कोणाची तरी विनावेतन काळजी घेतात आणि त्यात दिवसाची सुमारे १४० मिनिटे घालवतात. पुरुषांत हेच प्रमाण २१.४ टक्के आणि ७४ मिनिटे. कुटुंबव्यवस्थेचा गौरव व्यासपीठावर होतो आणि तिची किंमत स्वयंपाकघरालगतच्या खोलीत मोजली जाते.

कायद्याला हा माणूस ठाऊक नाही, असे नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात 'काळजीवाहक' या शब्दाची व्याख्या आहे. वेतन न घेता सेवा करणारे मातापिता व कुटुंबीय तीत स्पष्टपणे येतात. अधिक आधाराची गरज असणाऱ्या दिव्यांगांसाठी काळजीवाहक भत्त्याचाही उल्लेख आहे, पण शासनाच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत! २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने आईबापांना टाकून देणाऱ्यास तीन महिने कैद ठेवली. न टाकणाऱ्यासाठी त्यात काही नाही. दिव्यांग आप्ताच्या संगोपनासाठी जुन्या करपद्धतीत जी वजावट मिते, ती नव्या पद्धतीत मिळत नाही. केंद्रीय सेवेतील महिलांना २००८ पासून ७३० दिवसांची बालसंगोपन रजा आहे. वृद्ध मातापित्यांच्या सेवेसाठी रजा आहे का, असे जुलै २०२५ मध्ये राज्यसभेत विचारले गेले, तेव्हा उत्तर मिळाले की वर्षाच्या ३० दिवसांच्या अर्जित रजेसह इतर रजा त्यासाठी वापरता येतात. म्हणजे विश्रांतीची रजाच सेवेत खर्च करा.

यावर आपल्याच मंडळींचा आक्षेप असतो : आईच्या सेवेचे पैसे घ्यायचे? सेवा हा संस्कार आहे, पाश्चात्त्यांसारखा व्यवहार नव्हे. आक्षेप प्रामाणिक आहे. परंतु सीमेवरच्या जवानाला निवृत्तिवेतन मिळते, म्हणून त्याची देशभक्ती भाडोत्री ठरते काय? आणि पाश्चात्त्यांविषयी बोलायचे तर ब्रिटनने १९७६ मध्ये काळजीवाहकांना भत्ता सुरू केला तो विवाहित स्त्रियांना वगळून. त्या घरी असतातच, मग त्यांना कशाला? युरोपीय न्यायालयात प्रकरण गेल्यावर १९८६ मध्ये ती अट गेली. आपण जो तर्क संस्कृतीच्या नावाने मांडतो, तो लंडनच्या कारकुनांनी आपल्या आधीच मांडला होता! जर्मनीत १९९५ पासूनच्या शुश्रूषा विम्यातून घरी सेवा करणाऱ्याच्या निवृत्तिवेतनाचे हप्तेही भरले जातात. दूर कशाला, केरळने 'आश्वासकिरणम्' योजनेत अंथरुणाला खिळलेल्यांच्या काळजीवाहकांसाठी दरमहा ६०० रुपये ठरवले. रक्कम तुटपुंजी, पण नोंद झाली. कुटुंबाला शोषणाचे यंत्र म्हणणाऱ्या डाव्यांचा जेथे प्रभाव, तेथे हे सुचावे आणि कुटुंबाला राष्ट्राचा पाया मानणाऱ्यांनी महाराष्ट्रात त्याची मागणीही करू नये, हे कसे?

मागणी अवाढव्य नाही. काळजीवाहकाची शासकीय नोंद, सेवेसाठी वेगळी रजा, नोकरी सोडावी लागलेल्या स्त्रीच्या निवृत्तिवेतनाचे हप्ते, आणि थकल्या जिवाला आठवडाभर उसंत मिळावी म्हणून तालुक्याच्या रुग्णालयात चार खाटा. पैशाची अडचण सांगितली जाईलच. या घरांनी ही माणसे उद्या रुग्णालयांच्या दारात आणून सोडली, तर किती खर्च येईल, याचा हिशेब अर्थखात्याने एकदा करून पाहावा.

तोवर वस्तीत करण्यासारखे एक काम आहे. कुटुंब प्रबोधनासाठी घरोघर जाणाऱ्या कार्यकर्त्याने बैठकीच्या खोलीतून उठून आतल्या खोलीत डोकवावे. तेथे खाट असेल, तर विषय बाजूला ठेवून आठवड्यातील एक दुपार आपण बसतो म्हणावे. म्हणजे त्या घरची सून तेवढा वेळ झोपू शकेल.