सांडपाण्याच्या कायद्यातून नायट्रोजन कुणासाठी वगळला?

चंद्रपूरच्या रामाळा तलावावर इकॉर्निया पसरतो, तो काढला जातो आणि पुन्हा पसरतो. २०२१ मध्ये इको-प्रो संस्थेचे बंडू धोतरे यांनी या तलावासाठी अन्नत्याग सत्याग्रह केला, तेव्हा तलावात मिसळणाऱ्या सांडपाण्याचा प्रश्न चव्हाट्यावर आला. पण या वनस्पतीचे खाद्य काय, याची चर्चा फारशी झाली नाही. तिचे खाद्य नायट्रोजन आणि फॉस्फरस, आणि ते आपल्याच संडास-मोरीतून तिच्यापर्यंत पोचते.

घरगुती सांडपाण्यातील बहुतांश नायट्रोजन मानवी मूत्रातून येतो. २०११ च्या जनगणनेत चंद्रपूर शहराची लोकसंख्या ३ लाख २० हजारांच्या आसपास होती. ढोबळ हिशेब केला तर एवढ्या वस्तीतून रोज शंभराहून अधिक गोण्या युरियाइतका नायट्रोजन गटारात जातो. ब्रह्मपुरी-सिंदेवाहीचा धान उत्पादक एका गोणीसाठी रांगेत उभा राहतो, आणि शहर रोज शंभर गोण्या नदीत सोडते!

हा नायट्रोजन काढता येत नाही असे नाही. एका टाकीत हवा फुंकली की काही जिवाणू अमोनियाचे नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करतात. तेच पाणी हवा नसलेल्या टाकीत फिरवले की दुसऱ्या जातीचे जिवाणू नायट्रेटमधला प्राणवायू वापरून मैल्यातले सेंद्रिय द्रव्य खातात, आणि नायट्रोजन वायुरूपाने हवेत निघून जातो. हवेत तो आधीच ७८ टक्के आहे, तेथे त्याचा उपद्रव नाही. मात्र एक किलो अमोनिया-नायट्रोजनसाठी सुमारे साडेचार किलो प्राणवायू लागतो, म्हणजे वीज लागते. हे जिवाणू वाढतातही सावकाश. विजेचे बिल वाचवण्यासाठी कुणी ब्लोअर बंद ठेवले तर सर्वांत आधी हेच काम थांबते. गंमत अशी की पाणी डोळ्यांना तरीही स्वच्छ दिसते. फीत कापायला आलेल्या पुढाऱ्याला त्यातला अमोनिया दिसत नाही. तो माशांना कळतो.

आता कायदा पाहा. केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने नोव्हेंबर २०१५ मध्ये सांडपाणी केंद्रांसाठी मानकांचा मसुदा काढला. त्यात एकूण नायट्रोजनला लिटरमागे १० मिलिग्रॅमची मर्यादा होती. १३ ऑक्टोबर २०१७ ला अंतिम अधिसूचना निघाली, तेव्हा नायट्रोजन गायब! एवढेच नव्हे, तर बीओडीची मर्यादा महानगरांना २० आणि इतरांना ३० अशी ठरली. मुंबई-पुण्याच्या खालच्या गावाला थोडे बरे पाणी, चंद्रपूर-गडचिरोलीच्या खालच्या गावाला त्याहून घाण. बाबासाहेबांनी ज्याला श्रेणीबद्ध विषमता म्हटले, ती गटाराच्या पाण्यातही आणली गेली. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ३० एप्रिल २०१९ च्या आदेशात हा भेद नाकारला आणि नायट्रोजनची १० ची मर्यादा परत आणली. पण आदेश कागदावर आणि ब्लोअर केंद्रावर, या दोघांची गाठ कोण घालून देणार?

गडचिरोलीचा यात काय संबंध, असे कुणी विचारील. नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये, कन्हानमधून वैनगंगेत आणि गोसीखुर्दच्या जलाशयात येते. धरणाखाली हीच वैनगंगा चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांची सीमा होऊन वाहते. इकडे चंद्रपूरचे पाणी झरपट, इरई, वर्धा या मार्गाने जाते. चपराळ्याजवळ वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते. या काठांवर ढिवर मासेमारी करतो, गोंड-माडिया पाणी भरतो, आपल्या वस्त्याही तेथेच आहेत. अमोनिया वाढला तर मासा गुदमरतो. जमिनीत मुरलेला नायट्रेट विहिरीत उतरला आणि ४५ मिलिग्रॅमच्या वर गेला तर तान्ह्या मुलाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटते. महाडला पाण्याला हात लावण्याचा हक्क मागितला होता. त्या पाण्यात वरून काय सोडले जाते, हे विचारणे त्याच हक्काचा भाग नाही काय?

दुसरी बाजूही पाहावी. २०१६ च्या वीजदर धोरणाने सांडपाणी केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतील औष्णिक केंद्रांना शुद्ध केलेले सांडपाणी वापरणे बंधनकारक केले; नागपूरच्या भांडेवाडीचे पाणी कोराडीला जाते. हे धोरण चांगलेच आहे. पण तांब्या-पितळेच्या नळ्यांना अमोनिया खातो, म्हणून वीज केंद्राच्या पाण्यात अमोनिया बारकाईने पाहिला जातो. यंत्राच्या नळीची एवढी काळजी, आणि ढिवराच्या जाळ्याची?

प्रत्येक लहान गावाला महागडे केंद्र हवेच, असे आमचे म्हणणे नाही. नायट्रोजन हे खतच आहे. पाणी मोजून शेताला दिले तर तो काढण्याचा खर्च वाचतो. पण जे पाणी नदीत जाणार त्यातून तो काढलाच पाहिजे. त्यासाठी निविदेत एकूण नायट्रोजनची अट हवी, आणि देयक त्या आकड्यावर ठरावे. कंत्राटदाराचा रोजंदारी कामगार ब्लोअर सांभाळतो, टाकीतला गाळही अनेकदा त्यालाच उपसावा लागतो. तो बहुधा कोणत्या समाजाचा असतो हे वाचकांना सांगायला नको. २०१३ च्या कायद्याने धोकादायक सफाईस मनाई केली आहे, तिचाही निविदेत उल्लेख असावा. पठाणपुरा आणि रहमतनगर येथील केंद्रांच्या फाटकावर रोजचा अमोनिया आणि नायट्रेट मराठीत फळ्यावर लिहिला जावा, ही मागणी आपल्या नगरसेवकांनी येत्या सर्वसाधारण सभेत ठेवावी.