नाणं बोलतं, ऐका तर!

मुलांनो, पूर्वी वर्तमानपत्र नव्हतं, रेडिओ नव्हता. मग राजाने आपली बातमी गावोगाव पोचवायची कशी? नाण्यावरून! दवंडी हवेत विरते, नाणं मात्र हातोहात फिरतं.

रोमच्या ऑगस्टसने इ.स.पूर्व ३० मध्ये इजिप्त जिंकलं आणि सोन्याची नाणी पाडली. एका बाजूला स्वतःचा चेहरा, दुसऱ्या बाजूला मगर आणि 'इजिप्त जिंकलं' ही अक्षरं. मगर म्हणजे नाईल नदीचा देश. वाचता न येणाऱ्यालाही चित्र कळायचं. पण हरलेल्यांची बाजू? ती नाण्यावर नाही!

आता आपल्याकडे या. मालवणच्या किनाऱ्यावरून दिसतो ना, तो सिंधुदुर्ग शिवाजी महाराजांनी १६६४ साली बांधायला घेतला. पुढे दहा वर्षांनी रायगडावर राज्याभिषेक झाला. महाराजांच्या नावाचा सोन्याचा होन निघाला, तांब्याची शिवराई निघाली. मुघलांच्या नाण्यांवर फारसी अक्षरं असत. यांवर देवनागरीत एकीकडे 'श्री राजा शिव', दुसरीकडे 'छत्रपति'. चेहरा नाही की मगर नाही! चार शब्दांत सांगून टाकलं, की इथला राजा कुणाचा मांडलिक नाही. होन थोड्यांच्याच हाती यायचा. शिवराई मात्र बाजारहाट करणाऱ्या साध्या माणसालाही हे सांगायची.

आता खिशातलं नाणं काढा बघू. सिंह दिसले? 'सत्यमेव जयते' वाचलंत? मग तीन प्रश्न विचारा: कोण बोलतंय, कुणाला सांगतंय आणि काय सांगायचं राहिलंय? नाणं नुसतं मोजायचं नसतं, वाचायचंही असतं!