दीड तासाची मुंबई

"नागपूर-मुंबई म्हणजे काय हो, दीड तास!" हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की म्हटलं, एकदा लिहूनच टाकावं. (पुण्या-मुंबईच्या भाचेमंडळींनो, हे तुमच्यासाठीही आहे.)

आधी गणित. मास्तरकीची खोड, सुटत नाही. नकाशावर पट्टी ठेवली तर अंतर साधारण ६९० किलोमीटर भरतं. रेल्वेने तेच ८३७. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, जून २०२५ मध्ये पुरा झाला. पण तो संपतो भिवंडीजवळ आमण्याला, मुंबईत नव्हे. आणि विमानाचा दीड तास? तो फक्त हवेतला. मी राहतो कळमन्याला, शहराच्या एका टोकाला. विमानतळ सोनेगावला, दुसऱ्या टोकाला. मधलं अख्खं नागपूर ओलांडा, तिथे दीड-दोन तास आधी जाऊन बसा, उतरल्यावर सांताक्रूझहून डोंबिवली गाठा. उंबरठ्यापासून उंबरठ्यापर्यंत सहा-सात तास कुठे गेले नाहीत.

पण माझं भांडण तासांशी नाही. हा दीड तास वादात हत्यारासारखा वापरतात, त्याचा राग येतो. १९५३ च्या नागपूर कराराचा विषय काढा, वर्षातून एका अधिवेशनापुरतंच सरकार इकडे येतं असं म्हणा, लगेच उत्तर तयार: "आता मुंबई लांब कुठे राहिली?" कुणाला लांब राहिली नाही? कळमन्याच्या बाजारात काटोल-नरखेडहून संत्री घेऊन येणाऱ्याला विचारा. त्याच्या घरचा पेशंट परळच्या टाटा रुग्णालयात न्यायचा तर तो विमानाने जात नाही. (कर्करोगाची रुग्णालयं नागपुरातही आहेत, तरी परळला जाणारे थांबलेले नाहीत.) तो रात्रभर गाडीत दाराशी पथारी टाकून जातो, तपासणीला परत बोलावलं की पुन्हा तसाच.

"तिकिटं स्वस्त झालीत की!" झालीत, महिनाभर आधी काढली तर. मरणाची बातमी महिनाभर आधी कळवून येत नाही, बाप्पा.

गंमत बघा. १९४९ साली याच सोनेगावला रात्रीची टपाल विमानं सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास इथून चार विमानं मध्यरात्री नागपुरात जमत, थैल्यांची अदलाबदल करत आणि उजाडायच्या आत परत जात. साध्या पत्रालासुद्धा विमानाचे वेगळे पैसे पडत नसत. म्हणजे गरिबाचं पत्र तेव्हा विमानाने जात होतं. त्यानंतर पाऊणशे वर्षं झाली, तो स्वतः मात्र अजून रेल्वेच्या दाराशीच बसलेला आहे. आणि अंतर मोजायला घड्याळ मात्र विमानातल्यांचं!

असो. ज्याला हे पटत नसेल त्याने एकदा विदर्भ एक्सप्रेसच्या जनरल डब्यातून मुंबईला जाऊन यावं. गाडी गोंदियापासूनच भरून येते, तेव्हा स्टेशनवर लवकर जा. मग खुशाल प्रतिक्रिया लिहा. पेन्शनरला वाचायला वेळ भरपूर आहे.