स्मृती कुणाच्या ताब्यात?



गेल्या महिन्यात एका वसतिगृहात आम्ही आमच्या एका मित्राचं व्याख्यान ठेवलं होतं. तो संगणकशास्त्रात पीएचडी करतोय, विषय सुरक्षित मेमरी. व्याख्यान संपलं तसे एक ज्येष्ठ कार्यकर्ते उठले आणि म्हणाले, "हे सगळं ठीक आहे, पण याचा चळवळीला उपयोग काय? हे पॅकेजवाल्यांचं शास्त्र." काही पोरांनी टाळ्याही वाजवल्या. त्या टाळ्यांना हे उत्तर.

आधी त्याने काय शिकवलं ते सांगतो. फळ्यावर त्याने स्कॉलरशिपच्या फॉर्मातले चौकोन काढले. नावासाठी दहा. एखाद्याने पंधरा अक्षरं लिहिली तर पाच शेजारच्या रकान्यात सांडणार आणि तिथली उत्पन्नाची रक्कम खोडली जाणार. खिडकीवरचा कारकून निदान हटकेल. सी भाषेत लिहिलेला प्रोग्राम आपण होऊन हटकत नाही. हल्लेखोर मुद्दाम असं सांडतो की शेजारच्या रकान्यात त्याचा हुकूम जाऊन बसतो. मायक्रोसॉफ्टने 2019 साली स्वतःच सांगितलं की त्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या सुरक्षेच्या त्रुटींपैकी साधारण 70 टक्के मेमरीच्या अशा चुकांतून येतात.

आता उपयोग. भीमा कोरेगाव खटला आठवा. फेब्रुवारी 2021 मध्ये आर्सेनल कन्सल्टिंग या अमेरिकन कंपनीचा अहवाल आला: रोना विल्सन यांचा लॅपटॉप नेटवायर नावाच्या मालवेअरमुळे 22 महिने परक्याच्या ताब्यात होता आणि किमान 10 पत्रं त्यात बाहेरून ठेवली गेली. एनआयएने हे मानलं नाही. पुढे नागपूरचे वकील सुरेंद्र गडलिंग यांच्या संगणकाबद्दलही तसाच अहवाल आला. आमचा प्रश्न एवढाच, की हे वाचून दाखवायला माणूस मॅसॅच्युसेट्सचा का लागला? आपल्याकडे वकील आहेत, कवी आहेत, वक्ते तर गल्लोगल्ली आहेत. हार्ड डिस्क उघडून कोर्टापुढे उभा राहील असा माणूस किती जणांच्या ओळखीचा आहे? आनंद तेलतुंबडे यांना ऐन 14 एप्रिलला, 2020 साली, शरण जावं लागलं. लॉकडाऊन होता. आपण स्टेटस ठेवले.

खरं सांगायचं तर विल्सन यांच्या लॅपटॉपात शिरायला मेमरीची चूक लागलीच नाही. ईमेलमधली फाइल उघडली गेली, तेवढं पुरलं. म्हणून आम्हीही शिबिरांत "अनोळखी लिंक उघडू नका" एवढंच सांगत फिरलो. पण त्याच 2021 साली सिटिझन लॅबने पेगॅससचा फोर्स्डएंट्री हल्ला उघड केला, त्यात काही उघडावंच लागत नव्हतं. जीआयएफ म्हणून आलेली फाइल आतून पीडीएफ. तिच्यातलं चित्र उलगडताना आयफोनचा हिशेब ओसंडायचा, आणि 70,000 हून जास्त सूचनांतून फोनच्या आतच एक छोटा संगणक उभा राहायचा. इथे आमचं शिबिर संपतं आणि त्या मित्राचं काम सुरू होतं. केंब्रिजमध्ये 2010 पासून चेरी नावाचा प्रकल्प चालू आहे. त्यात मेमरीकडे बोट दाखवणाऱ्या प्रत्येक पत्त्याला त्याची हद्द जोडलेली असते आणि ती हद्द चिपच तपासते. म्हणजे हटकणारा कारकून यंत्रातच बसवला.

मराठीत मेमरीला स्मृती म्हणतात. शिकण्याचा हक्क जन्मावर बांधणारी एक स्मृती 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला जाळली गेली. तरी दरवाजे कुठे उघडलेत? 2015 ते 2019 या काळात आयआयटींच्या पीएचडी प्रवेशांत अनुसूचित जातींचा वाटा 9 टक्क्यांच्या आसपास आणि जमातींचा 2 टक्क्यांच्या आसपास होता. कायदा 15 आणि 7.5 म्हणतो. विचारलं की ठरलेलं उत्तर येतं, "पात्र उमेदवार मिळाले नाहीत." रोहित वेमुलाची महिन्याची 25,000 ची फेलोशिप थांबली तेव्हा तो पात्र ठरूनच आत गेलेला होता. बार्टीच्या फेलोशिपसाठी संशोधक विद्यार्थी आझाद मैदानात बसले, तेही पात्रच होते. गुणवत्तेची गोष्ट आम्हाला सांगू नका.

आणि ज्येष्ठांनाही नम्रपणे विचारतो. चलनाइतका रुक्ष विषय दुसरा कुठला? बाबासाहेबांनी त्यावर लंडनमध्ये प्रबंध लिहिला, 1923 साली रुपयावरचं पुस्तक काढलं, आणि 1925 मध्ये चलनाचा रॉयल कमिशन आला तेव्हा त्याच्यापुढे साक्ष दिली. तेव्हाही कुणी "याचा उपयोग काय" म्हणालंच असेल. ते पुस्तक आधी लिहिलेलं होतं म्हणून साक्षीच्या दिवशी हाताशी होतं.

मित्राला आमची एक तक्रारही आहे. तू विद्यापीठात इंग्रजीत सराव-तास घेतोस, तेच वस्तीत मराठीत घ्यायला तुला दोन वर्षं लागली. तो म्हणाला, गाइडने वेळ दिला नाही. हे कारण आम्ही अर्धंच मानलं.

पुढच्या रविवारी तो पुन्हा येतोय, या वेळी रोहॅमर शिकवायला. मेमरीची एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचली की शेजारच्या ओळीतले बिट आपोआप उलटतात. 2014 च्या मूळ अभ्यासात तपासलेल्या 129 मॉड्यूलपैकी 110 मध्ये हे सापडलं होतं. ज्येष्ठांनाही निरोप दिलाय. येताना चौकटीची वही आणा.